जर्मन छप्पर उतरवा, मंगळुरी कौलं चढवा: जुन्या रेल्वे मॉडेलच्या किटांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत रेल्वे मॉडेलच्या इमारतींची जुनी किटं निघाली: फालर या जर्मन कंपनीचं बांधलेलं एक जर्मन स्टेशन, एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची सिग्नल केबिन, एक इंजिन शेड आणि पुठ्ठ्याची दोन न उघडलेली किटं. सांधे सुटलेत, खिडक्या धुरकटल्यात, स्टेशनाचं छप्पर वाकलंय. तुम्ही बेळगावजवळच्या खानापुरात राहता आणि विचारता की हे टाकून द्यायचं का, आणि ठेवलं तर याचं आपल्या लोंढा लाइनीवरचं मीटरगेजच्या काळातलं स्टेशन होईल का.

टाकू नका. होईल, आणि चांगलं होईल. फक्त किटाकडे बघायची नजर बदलावी लागेल. जुनं किट म्हणजे नीट साच्यातून निघालेल्या भिंतींचा, दारांचा आणि खिडक्यांचा साठा आहे, असं समजा. खोक्यावरच्या चित्राशी आता तुमचं काही देणंघेणं नाही. ती इमारत जर्मन दिसते ती उभट छप्पर, भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या आणि धुराडं या तीन गोष्टींमुळे. आणि खेळण्यातली दिसते ती जाड कडा, प्लास्टिकची चकाकी आणि जमिनीवर नुसती ठेवल्यासारखी बैठक यांमुळे. या सहा गोष्टींना हात घातला की निम्म्याहून जास्त काम झालं. बारीकसारीक सजावट सगळ्यात शेवटी.

सगळ्यात आधी एक तातडीचं काम. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर आजच बाहेर काढा. ही किटं पॉलिस्टायरीनची असतात आणि डांबरगोळीच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं, चिकट होतं. लोक कपड्यांसारखी काळजी घ्यायला जातात आणि किटं खराब होतात. दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या पुरतात. तसंच विजेच्या मऊ पीव्हीसी वायरी या भिंतींना चिकटून वर्षानुवर्षं राहू देऊ नका. वायरीच्या आवरणातला तेलकट अंश प्लास्टिकमध्ये उतरतो आणि तिथे चर पडते.

आता माप. स्केल काय हे खोक्यावरून ठरवू नका, दार मोजा. सात फुटी दार १:८७ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मापात) साडेचोवीस मिलिमीटर भरतं आणि १:७६ मध्ये अठ्ठावीस. फालरची जुनी घरं पुष्कळदा सांगितलेल्या मापापेक्षा लहान असतात. दार एकवीस-बावीस मिलिमीटर भरलं तर ती इमारत प्रत्यक्षात १:१००च्या आसपासची आहे. एअरफिक्सच्या रेल्वे इमारती सगळ्या ब्रिटिश ओओ मापाच्या, म्हणजे १:७६. दोन्ही शेजारी ठेवलीत तर केबिन अवाढव्य आणि स्टेशन बुटकं दिसेल. उपाय दोन: मोठ्या मापाची इमारत पुढे आणि लहान मापाची मागे ठेवायची, त्यामुळे खोली भासते; किंवा लहान इमारतीखाली दोन पायऱ्यांचं जोतं देऊन दार उंच करून घ्यायचं. आपल्याकडे जोतं असतंच, म्हणून मला दुसरा उपाय जास्त आवडतो. रुळांचं म्हणाल तर मीटरगेज १:८७ मध्ये साडेअकरा मिलिमीटर येतो आणि बाजारात बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो. साडेसोळा मिलिमीटरचा नेहमीचा रूळ या मापात १४३५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोपचा गेज होतो. तो आपला मीटरगेजही नाही आणि १६७६ चा ब्रॉडगेजही नाही. मामांची इंजिनं त्यावर धावत असतील तर धावू द्या, पण स्टेशन बांधताना हे डोक्यात असू द्या.

सुटं करण्याची रीत. आधी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुऊन घ्या, मऊ ब्रश वापरा. मग इमारत पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. जुना डिंक गारठ्याने ठिसूळ होतो आणि सांध्यात पातळ पातं सरकवलं की पुष्कळदा टक्‌ करून सुटतो. जिथे ट्यूबमधल्या सिमेंटने (मॉडेलचं प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या डिंकाने) प्लास्टिकच वितळून एकजीव झालंय, तिथे सुटणार नाही. ओढू नका, बारीक दातांच्या करवतीने सांध्यावरच कापा. फेविक्विकसारखा डिंक काढायला ॲसिटोन वापरा असं कोणी सांगेल. ऐकू नका, ॲसिटोन भिंतच विरघळवेल. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनरही तसाच. जुना रंग काढायला औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. त्यात एक दिवस बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. खिडकी उघडी ठेवून हे काम करा, जवळपास दिवाबत्ती नको.

वाकलेल्या पाख्याला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, गरम पाणी. उकळतं नको, हाताला सोसणार नाही इतपत पुरे. दोन-तीन मिनिटं बुडवा, सपाट काचेवर ठेवा, वर दुसरी काच आणि त्यावर वजन ठेवून पूर्ण गार होऊ द्या. एकदा सरळ झालं की मागून चौकोनी पट्ट्या चिकटवा, नाहीतर मे महिन्यात पुन्हा वाकेल. भिंतींनाही आतून कोपऱ्यात पट्ट्या द्या. परदेशी स्टायरीन शीट आपल्याकडे सहज मिळत नाही. पाटी-बोर्ड करणाऱ्यांकडे सनबोर्डचे तुकडे मागा, ते आधाराला उत्तम. मात्र सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, त्यावर मॉडेलचं लिक्विड सिमेंट भरवशाने धरत नाही. तिथे अॅराल्डाइट किंवा फेविक्विक वापरा, आणि फेविक्विक काचेपासून लांब ठेवा. तुमच्या खिडक्या धुरकटल्या आहेत त्या बहुधा त्याच्याच वाफेने. त्या काचा घासत बसण्यापेक्षा काढून टाका. प्रयोगशाळेच्या सामानात सूक्ष्मदर्शकाच्या कव्हर स्लिप, म्हणजे काचेच्या पातळ चकत्या, मिळतात, जाडी दशांश-दीड दशांश मिलिमीटर. तशी खरी काच बसवलीत तर फरक लगेच कळतो. फेविकॉलच्या थेंबावर ती बसते आणि डाग राहत नाही.

आता मुख्य काम, छप्पर. यावर मी सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या इमारतीची ओळख छपरातच असते.

फालर ही ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावची कंपनी, दोघा भावांनी १९४६ मध्ये सुरू केलेली. तिकडे बर्फ साचू नये म्हणून पाखं उभी असतात, पंचेचाळीस अंश किंवा त्याहून जास्त. आपल्या कौलारू घराचा उतार साधारण तीस अंशांच्या आसपास असतो आणि वळचण भिंतीच्या पुढे भरपूर येते, कारण इथे पाऊस भिंतीवर येऊ द्यायचा नसतो. तेव्हा उतार कमी करायचा. समजा इमारतीची खोली शंभर मिलिमीटर आहे. पंचेचाळीस अंशांना तिकोन्या भिंतीची उंची पन्नास येते, तीस अंशांना एकोणतीस. म्हणजे दोन्ही तिकोन्या भिंती वरून एकवीस मिलिमीटर कमी करायच्या आणि नव्या उताराने कापायच्या. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण आधी करून घ्या, तो दोन्ही टोकांना लावून रेघ मारा, म्हणजे आढं एका पातळीत येईल.

गंमत पुढे आहे. पंचेचाळीस अंशांच्या पाख्याची लांबी होती सत्तर-एकाहत्तर मिलिमीटर. तीस अंशांना भिंतीपर्यंत लागते अठ्ठावन्न. त्यात तीन फुटी वळचण जोडा, म्हणजे उतारावर बारा मिलिमीटर. बेरीज सत्तर. जुनं पाखं फेकायचंच नाही, तेच खाली सरकून वळचण होतं. जुन्या पाख्याला आधीच थोडी कड बाहेर असेल तर तेवढी छाटा. आढ्याची कड मात्र नव्या कोनात कानसून घ्यावी लागते.

पाख्यावर किटाची जी खवल्यांची नक्षी आहे ती पॉलिश पेपरने सपाट करा आणि वर कौलं चढवा. मंगळुरी कौल साधारण सोळा इंच लांब. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळुरूत कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि आपल्या भागात सदर्न मराठा रेल्वे आली ती १८८० च्या दशकात. तेव्हा जुन्या स्टेशनावर मंगळुरी कौलं दाखवताना काळाची चूक होत नाही. शिवाय तुमच्या खानापुरात मातीकाम आहे, कौलं आहेत, केंद्रीय कुंभारकाम संस्था आहे. दारात बसून खरं कौल हातात घेऊन काम करता येतं, हे सुख बाहेरच्या छांदिष्टांना नाही. नळी कुठे उठते, कड कुठे दुमडते, पाठीमागचा डोळा कुठे असतो ते बघून घ्या.

१:८७ मध्ये कौल सुमारे पावणेपाच मिलिमीटर लांब येतं आणि ओळीवर ओळ चढल्यावर त्यातलं पावणेचार मिलिमीटर उघडं दिसतं. रुंदी दिसते अडीचच्या थोडी आत. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीच्या कागदाच्या पावणेपाच मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. मऊ रबरावर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने प्रत्येक कौलाची नळी दाबून उठवा आणि खालच्या कडेला दोन कौलांमध्ये कात्रीच्या टोकाने बारीक छेद द्या. मग वळचणीपासून वर चढत जा, कौलं घालणारा करतो तसं. प्रत्येक पाचव्या ओळीला पट्टी आडवी धरून रेघ तपासा. वरच्या ओळीची नळी खालच्या नळीला सरळ जुळते का, हे समोरच्या छपरावर बघून तसंच करा. दीडशे मिलिमीटर लांबीच्या पाख्याला अकरा-बाराशे कौलं होतात. घाबरू नका, पट्टीने काम होतं, एकेक कौल लावायचं नसतं. पाट्या करणाऱ्या लेझर कटरवाल्याकडून पट्ट्या कापून घेतल्यात तर काम आणखी हलकं. दोन-तीन इमारती करायच्या असतील तर तळहाताएवढा एकच तुकडा मन लावून करा आणि त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घ्या. मूर्तिकारांना रबराच्या साच्याचं काम चांगलं कळतं, त्यांना विचारा. साच्यातून रेझिनचे तुकडे काढून जोडता येतात. जोड नळीच्या कडेला येईल असा कापा.

आढ्यावरच्या कौलांसाठी सायकलच्या स्पोकवर ओला कागद गुंडाळून वाळवा, अर्धगोल पन्हळ मिळते. तिचे तुकडे करून लावा आणि खाली चुन्याची बारीक रेघ भरा. दोन-चार ठिकाणी काचेचं कौल द्या, पारदर्शक शीटचं. वळचणीखाली वाशांची टोकं दिसली पाहिजेत; बांबूच्या सळ्या चिरून लावा. एखादं-दुसरं कौल सरकलेलं ठेवा, त्याहून जास्त नको. फार मोडकळीला आणलेली मॉडेलं मला खोटी वाटतात. चालू लाइनीवरचं स्टेशन रेल्वेवाले नीट राखत असत.

भिंतींचं काम त्यामानाने सोपं. लाकडी पट्ट्या धारदार पटाशीने खरवडून काढा आणि पेपरने सपाट करा. वरच्या मजल्याची गरज नसेल तर मजलाच काढा. आपल्या लहान स्टेशनांना एक मजला पुरतो आणि उरलेल्या भिंतींतून लांबी वाढवता येते. दोन भिंती जोडताना सांधा पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे किंवा खांबामागे लपवा. किटाच्या प्लास्टिकची जाड कड खिडकीत दिसते, तिथे मागून कानसून ती पातळ करा; चौकट मात्र आत ढकला, खऱ्या जाड भिंतीत खिडकी खोल बसलेली असते. जांभ्याचे चिरे दाखवायचे तर फूट-सव्वा फूट लांबीचा चिरा, म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. पातळ कार्डावर दर्जा (चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या रेघा) कोरा आणि ते कार्ड भिंतीवर चढवा. कोपऱ्यावर चिऱ्याची दर्ज दोन्ही बाजूंना जुळलीच पाहिजे. जुन्या किटात कोपऱ्याची उभी फट दिसते, ती भरून त्यावरून दर्जा ओढून घ्या. गाडीची पुट्टी वापरत असाल तर पातळ थरांत भरा, जाड थरातलं सॉल्व्हंट पातळ भिंत खातं.

केबिनीला मात्र फार हात लावू नका. एअरफिक्सची ती केबिन इंग्लंडमधल्या ओकहॅमच्या खऱ्या केबिनीवरून केलेली आहे, आणि आपली लाइन बांधणारी कंपनीही ब्रिटिशच. त्यामुळे वंश एकच. धुराडं काढा, कौलं चढवा, खिडक्यांवर छोटं छप्पर द्या, जिना थोडा रुंद करा, झालं. तोच साचा पुढे डापोल या कंपनीकडे गेला आणि ते किट नवंही निघतं, तेव्हा कापताना काळीज धडधडायचं कारण नाही. फालरचं तसं नाही. जुनी किटं बंद होतात, म्हणून कापण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो आणि भिंतींच्या झेरॉक्स काढून ठेवा.

रंगात आपला मुलूख उतरवायचा तर पावसाळा उतरवा. आधी मॅट प्रायमर, पातळ थरांत. त्यावर ॲक्रिलिक, कॅमलचे साधे रंग चालतात. दर्जांत पातळ केलेला चुन्याचा रंग सोडा आणि वरून ओल्या कपड्याने पुसून घ्या. मग भिंतीच्या पायथ्याशी सहा-सात मिलिमीटरपर्यंत तांबड्या मातीचे शिंतोडे, म्हणजे प्रत्यक्षात दीड-दोन फूट. पागोळ्या जमिनीवर आपटून भिंतीवर उडतात तो हा पट्टा, आणि जर्मन किटावर तो कधीच नसतो. वळचण जिथे कमी आहे तिथे काळपट शेवाळ, खिडकीच्या पाटाखाली काळे ओघळ, छपराच्या उत्तरेच्या पाख्यावर थोडी हिरवट झाक. ऑगस्टमध्ये गुंजी-लोंढ्याकडे जाऊन जुन्या घरांचे फोटो काढून आणा आणि तेच समोर ठेवून रंगवा.

जमिनीत बसवणं विसरू नका. मॉडेल ज्या फळीवर मांडायचं त्या पाटावर इमारतीच्या आकाराची खाच करा, जोतं दोन मिलिमीटर खाली उतरवा आणि माती भरा. माती तुमच्याच अंगणातली घ्या, चाळा, कढईत भाजा आणि मग त्यातून लोहचुंबक फिरवा. आपल्या तांबड्या मातीत लोह आहे, ते कण इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. पातळ फेविकॉलमध्ये साबणाचा थेंब टाकून माती पक्की करा. वळचणीच्या बरोबर खाली पागोळ्यांची बारीक चर ओढा. मीटरगेजच्या काळातल्या लहान स्टेशनांचे फलाट बुटके असत, काही ठिकाणी रुळाच्या पातळीलाच, तेव्हा आजचा उंच फलाट देऊ नका. पाटीही काळाप्रमाणे: पिवळ्यावर काळी अक्षरं, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. आपल्याकडे ब्रॉडगेज आला नव्वदच्या दशकात आणि ‘बेळगावी’ हे नाव सरकारी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. मीटरगेजच्या गाडीशेजारी नवी पाटी चालणार नाही. बेळगाव स्टेशनाची नवी इमारत २०२३ मध्ये उभी राहिली आहे, त्यामुळे जुन्या इमारतीसाठी नातेवाइकांच्या अल्बममधले फोटो शोधा. लग्नाच्या वऱ्हाडाच्या फोटोंत मागे स्टेशन हमखास सापडतं.

आत दिवा लावायचा असेल तर जुना बल्ब काढा, त्याच्या उष्णतेने छप्पर मऊ पडतं. पिवळसर एलईडी, बारा व्होल्टला एक किलोओहमचा रेझिस्टर. नऊ मिलिअँपिअर जातात आणि कंदिलासारखा मंद उजेड येतो. भिंती आतून आधी काळ्या आणि मग पांढऱ्या रंगवा, नाहीतर अख्खी भिंत उजळते.

राहिली पुठ्ठ्याची दोन किटं. ती पावसाळ्यात बांधू नका. दमट पुठ्ठा दुमडताना फुगतो आणि छपाई सोलवटते. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत बांधा. घडीवर आधी बोथट सुरीने रेघ ओढा, पांढऱ्या दिसणाऱ्या कापलेल्या कडा जुळत्या रंगाने रंगवून घ्या आणि आतून सनबोर्डचा सांगाडा द्या. आतल्या बाजूला वॉर्निशचा एक हात मारलात तर ओल आणि कसर दोन्हींपासून बचाव होतो. छापील छप्पर मात्र लावू नका. भिंती पुठ्ठ्याच्या, वर तुमच्या साच्यातली कौलं, असा मेळ चांगला बसतो. मागच्या रांगेतले रेल्वे क्वार्टर्स म्हणून ती दोन्ही घरं शोभतील.

सुरुवात इंजिन शेडपासून करा. भिंती सरळ, खिडक्या कमी, आणि धुराने काळवंडलेली असल्यामुळे हाताची सवय होईपर्यंत ती खूप सांभाळून घेते. तिचं एक पाखं कौलांनी भरून झालं की फोटो पाठवा. स्टेशनाच्या दाराची उंचीही मोजून कळवा, म्हणजे तिकोन्या भिंती नेमक्या किती कापायच्या ते सांगतो.